मणकेसाहेबांची बिनतक्रार पाठ

माणूस दोन पायांवर उभा राहिला त्या दिवशी संस्कृतीचा आरंभ झाला, असं विद्वान सांगतात. ते खोटं आहे असं म्हणवत नाही. फक्त उभं राहिल्यावर त्या माणसाने पहिली गोष्ट केली असेल, तर टेकायला काहीतरी शोधलं असेल. पुढचा सगळा इतिहास टेकण्याचा आहे, आणि त्यातली अलीकडची चोवीस वर्षं मणकेसाहेबांनी बसून काढली.

बसणं हा त्यांचा व्यवसाय होता. बिनकामाचे लोक बसतात तसं नव्हे. त्यांना बसण्याचा पगार होता. कचेरीच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते बैठक परीक्षक होते. नव्या खुर्चीचा नमुना तयार झाला की तो दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत यायचा आणि साहेब त्यावर चार तास बसायचे. पहिला तास टाइप करत, दुसरा वाचत, तिसरा फोन कानाशी धरून आणि चौथा काहीच न करता, कारण कचेरीत चौथा तास असाच जातो. समोर भिंतीवर घड्याळ, टेबलावर अकरा प्रश्नांचा छापील तक्ता. मांडीखालची कड रुतते का, कोपर टेकतं की लोंबतं, पाठीचा बाक आपणहून पाठीला लागतो की पाठीने त्याला शोधत जावं लागतं, वगैरे. शेवटचा रकाना ‘तक्रार’ असा होता आणि तो मुद्दाम मोठा ठेवला होता.

‘सत्तेचाळिसाव्या मिनिटाला डाव्या बाजूला, खिशाच्या उंचीवर, बारीक कळ’ असं त्यांनी त्यात लिहिलं की फोरमन मुकाट्याने खुर्ची उलटी करायचा, आणि डाव्या बाजूचा स्क्रू जरासा वर आलेला सापडायचा. स्पंज पाव इंच कमी पडला तरी त्यांच्या कमरेला ते जेवणाच्या सुट्टीआधी कळायचं. म्हणून नाव पडलं मणकेसाहेब. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथल्या तिथेच असायचं.

अशी पाठ कुणाला जन्मतः मिळत नाही. ती बसून बसून कमवावी लागते. साहेबांना सकाळी मोजे घालताना हुंकार द्यावा लागे, शिंक आली तर भिंत धरावी लागे, आणि खाली पडलेली वस्तू ही त्यांच्या दृष्टीने गेलेली वस्तू होती. पण तक्रार नव्हती. तक्रारीचा रकाना कारखान्यात होता.

निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना त्यांच्या रक्तात साखर निघाली.

“औषध आहे ना यावर?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“आहे. रोज पाऊण तास चालणं.”

“ते नव्हे. गोळी वगैरे?”

“गोळीही आहे. तीन महिन्यांनी बघू. ती एकदा सुरू झाली की तुमच्या आधी संपणार नाही.” मग त्यांनी रिपोर्टवरून नजर उचलली. “दिवसभर काम काय करता?”

“बसतो.”

“बसूनच, पण काम काय?”

“तेच.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘चालणे’ या शब्दाखाली आणखी एक रेघ मारली.

लोक व्यायाम का टाळतात हे आळशी माणसाला विचारू नये. आळशी माणूस एकच कारण सांगतो आणि तेही अर्ध्यावर सोडतो. हे कामसू माणसाला विचारावं. मणकेसाहेबांनी चालणं टाळण्याचं काम अंगावर घेतलं आणि ते मन लावून केलं. आधी बूट आणले. बूट जरा आवळ होते, ते सैल व्हायला हवेत म्हणून साहेब ते घालून रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागले. मग चालण्याची योग्य पद्धत सांगणारं दोनशे पानी पुस्तक आणलं, आणि ते आडवं होऊन वाचलं. पुस्तकात लिहिलं होतं की सुरुवात घाईने करू नये. ते त्यांना पटलं. सोमवारपासून सुरू करायचं ठरलं, पण सोमवार महिन्याच्या अधेमधे आला. पहिल्या तारखेपासून ठरलं, तर पहिली तारीख गुरुवारी निघाली.

“अहो, कारणं बंद करा आणि एकदा चालून तरी या,” बायको म्हणाली.

“चालून यायचं म्हणजे परत इथेच यायचं ना?”

“मग काय तिकडेच राहणार?”

“नाही, इथेच यायचं असेल तर मी आधीच इथे आहे.”

बायकोने यावर वाद घातला नाही. ती एका मोठ्या शाळेत सव्वीस वर्षं वेळापत्रक लावत होती. चाळीस शिक्षक, तीस खोल्या आणि आठ तास यांचा मेळ घालताना तिला एक गोष्ट कळून चुकली होती. चांगलं आहे म्हणून कुणी काही करत नाही, आणि तज्ज्ञाने सांगितलं म्हणून तर मुळीच करत नाही. जिना चढायला तयार नसलेले गणिताचे सर, त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर लागला की निमूट जिना चढतात. शिक्षकाला समजवायचं नसतं, खोली बदलायची असते.

तिने त्याच आठवड्यात घरी येणारा पेपर बंद केला.

मणकेसाहेबांना बातम्यांचं फारसं नव्हतं. पण पाचव्या पानावरचं शब्दकोडं त्यांनी बावीस वर्षांत चुकवलं नव्हतं. ते सोडवल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे.

“पेपर टाकणाऱ्याने आपला रस्ताच सोडला म्हणे,” बायको कणीक मळता मळता म्हणाली. “कोपऱ्यावर मावशींकडे मिळतो.”

“तू आणतेस का येताना?”

“मी येते दुपारी तीनला.”

साहेब चरफडत कोपऱ्यावर गेले. जाऊन येऊन दहा मिनिटं. हे चालणं नव्हतं, पेपर आणणं होतं, त्यामुळे त्यांची काही हरकत नव्हती. बूटही एव्हाना सैल झाले होते.

दोन आठवडे असे गेल्यावर एक दिवस पेपरवाल्या मावशींनी हात झाडले. “संपला, काका.”

“सात वाजता?”

“हल्ली लोक फार वाचतात. बस डेपोसमोर बघा, तिथे उरतो.”

डेपोसमोर उरलेला होता. दुसऱ्या दिवशीही मावशींकडचा संपला, तिसऱ्या दिवशीही. वाचनसंस्कृतीला आलेल्या या भरतीचं साहेबांना नवल वाटलं आणि मनातून थोडं बरंही वाटलं. पुढच्या महिन्यात ही भरती डेपोपर्यंत पोचली. डेपोसमोरचा पेपरवाला टोपी मागे सरकवून म्हणाला, “कालव्याच्या पुलावर आमचा एक म्हातारा बसतो. त्याच्याकडे नक्की असणार. जरा पाय उचला मात्र, तो आठला उठतो.”

पूल म्हणजे जाऊन येऊन पंचेचाळीस मिनिटं, तीही जरा पाय उचलून. साहेब रोज वाचकांना शिव्या घालत जायचे आणि येताना आडवे शब्द लावत यायचे. उभे घरी आल्यावर.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. “साखर उतरली की. गोळी नको आता. चालता वाटतं?”

“छे, वेळ कुठे मिळतो,” साहेब म्हणाले, आणि खाली पडलेलं पेन वाकून उचलून त्यांच्या हातात दिलं. आपण वाकलो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सोबत आलेल्या बायकोच्या आलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

त्याच सुमारास प्रकार एकतीस ही खुर्ची परीक्षेला आली. एका विमा कंपनीच्या अकरा मजली कार्यालयाला सहाशे खुर्च्या हव्या होत्या आणि मालकांनी नमुन्यावर जीव टाकला होता. मणकेसाहेब बसले. पहिला तास गेला, दुसरा गेला. तिसऱ्या तासाला त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. चौथ्या तासाला काहीच न करता नीट लक्ष दिलं. कुठे कळ नाही, रग नाही, मुंग्या नाहीत. चोवीस वर्षांत प्रथमच त्यांनी तक्रारीच्या मोठ्या रकान्यात लिहिलं, ‘तक्रार नाही’.

फोरमनने तो कागद दोन्ही हातांत धरून खाली नेला. मालकांनी त्याची चौकट करून घेतली आणि सहाशे खुर्च्या सुटल्या.

आठ दिवसांत विमा कंपनीच्या प्रशासन अधिकाऱ्याचं पत्र आलं. ‘आपल्या खुर्चीवर वीस मिनिटांच्या वर कोणालाही बसवत नाही. कर्मचारी उठून हिंडत आहेत. खुर्च्या बदलून द्याव्यात.’

मालकांनी प्रकार एकतीस आपल्या खोलीत मागवली आणि आधी फोरमनला बसवलं. फोरमन तगडा गडी होता. एकोणिसाव्या मिनिटाला त्याचा चेहरा बदलला आणि बाविसाव्याला तो उठला. “कुणीतरी गुडघा लावून ढकलतंय असं वाटतं,” तो म्हणाला. मालक स्वतः बसले, ते अठराव्या मिनिटालाच उठले. फोरमनने खुर्ची उलटी केली. पाठीचा बाक दोन बोटं खाली बसवला होता आणि पुढची कड चक्क उलटी लागली होती.

मग मणकेसाहेब बसले. सगळे घड्याळाकडे बघत राहिले. पाऊण तास झाला.

“काही?” मालकांनी विचारलं.

“काही नाही.”

“खरं सांगा.”

“खरंच छान वाटतंय.”

मालक त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. वडिलांकडून कारखाना आणि मणकेसाहेब या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे चालू स्थितीत आल्या होत्या. “तुम्ही पाठीचं काही केलंत का?”

“मी काय करणार? पेपर आणायला पुलापर्यंत जातो, एवढंच.”

“रोज?”

“रोज.”

“मणकेसाहेब,” मालक शांतपणे म्हणाले, “तुमची पाठ हे या कारखान्यातलं सगळ्यात नाजूक यंत्र होतं. ते तुम्ही कुणाला न विचारता दुरुस्त केलंत.”

मालक वाईट नव्हते. बदली खुर्च्या तयार व्हायला दोन महिने लागणार होते. तेवढ्यात पाठ पूर्ववत झाली तर खोली मणकेसाहेबांचीच, नाही तर उरलेली चार वर्षं तळमजल्यावरच्या गोदामात. गोदामातल्या माणसाला दिवसभर उभं राहून माल मोजावा लागे. तिथे, खुर्च्यांच्या कारखान्यात असूनही, बसायला काही नव्हतं.

घरी येऊन साहेबांनी बायकोला सगळं सांगितलं आणि पेपर परत घरी सुरू कर म्हणाले. “त्या पेपरवाल्याचा फोन नंबर कुठे आहे?”

“कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय.”

नंबर होता. त्याच्या शेजारी एक तक्ताही होता, शाळेच्या वेळापत्रकाच्या छापील कागदावर, तीन रंगांत. पहिले दोन आठवडे: कोपरा. तिसरा ते सहावा: डेपो. सातव्यापासून: पूल. खाली शेऱ्यात लिहिलं होतं, ‘मावशींनी एक प्रत गल्ल्याखाली ठेवावी, मी दुपारी येताना घेईन.’

साहेब कागद हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “हे काय आहे?”

“वेळापत्रक.”

“म्हणजे पेपर संपत नव्हता?”

“एवढा कुठला संपतोय. मावशी दिवसाला सहा विकतात.”

“तू मला तीन महिने फसवलंस.”

“तीन महिने चालवलं,” बायको म्हणाली. “फसवायचं असतं तर रिक्षाने पाठवलं असतं.”

“माझी नोकरी जाईल, अगं. चोवीस वर्षांची पाठ होती ती.”

“ते मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. “मला वाटलं तुम्हाला दुखतं म्हणून दुखतं. कामासाठी दुखतं हे कुठे बोललात? आता तुमचं तुम्ही ठरवा. पेपर उद्यापासून घरी येईल. पण साखर परत वर गेली तर गोळी मी मोजून देणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून पेपर दारात पडू लागला आणि मणकेसाहेब पाठ बिघडवायला बसले. सकाळी सोफ्यावर मान मोडून, दुपारी कारखान्यात प्रकार एकतीसवर, संध्याकाळी मोडक्या स्टुलावर पाय अधांतरी सोडून. पूर्वी ज्याला काही कष्ट पडत नव्हते, तेच काम आता अवघड झालं होतं. पहिल्या दिवशी पोटऱ्या वळवळल्या. दुसऱ्या दिवशी शब्दकोडं दहा मिनिटांत सुटेना. आडवे शब्द त्यांना चालताना सुचायचे. तिसऱ्या दिवशी ते पाणी प्यायला सात वेळा उठले.

“बसा की,” बायको म्हणाली.

“बसतोच आहे,” ते उभ्याउभ्या म्हणाले.

चौथ्या दिवशी दारात पडलेला पेपर ओलांडून ते बाहेर पडले. कोपऱ्यावर मावशींनी त्यांना पाहिलं आणि लगबगीने गल्ल्याखाली हात घातला. साहेबांना सगळं कळल्याचं त्यांच्याही कानावर आलं होतं आणि थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं.

“काका, आज आहे पेपर. हा घ्या.”

“पुलावर असेल ना?”

“असेल की. पण इथेच आहे म्हटल्यावर कशाला उगाच?”

“असू दे,” मणकेसाहेब म्हणाले. “ठेवा खालीच.”

आणि ते डेपोच्या दिशेने गेले. मावशी काही वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. पाठ ताठ होती.

दोन महिने संपले त्या दिवशी साहेब मालकांच्या खोलीत गेले. बायकोने सकाळी त्यांचा सदरा स्वतः इस्त्री केला होता. “गोदाम तर गोदाम,” ती म्हणाली होती. “तिथे निदान उभे राहाल.”

“मला गोदाम द्या,” त्यांनी मालकांना सांगितलं.

“तिथे स्टूलसुद्धा नाही.”

“म्हणूनच मागतोय. पाठ काही परत येत नाही. खरं म्हणजे मी तिला बोलावणं सोडलं.”

मालकांनी टेबलावरचं एक पत्र त्यांच्याकडे सरकवलं. विमा कंपनीचंच होतं. ‘आमचे आधीचे पत्र रद्द समजावे,’ अशी त्याची सुरुवात होती. प्रशासन अधिकाऱ्याने खुलासा केला होता की खुर्च्यांवर वीस मिनिटांच्या वर बसवत नसल्याने कर्मचारी उठतात, आणि उठल्यावर काय करायचं हे न सुचून कामासाठी एकमेकांच्या टेबलापाशी जातात. त्यामुळे आतल्या आत होणारे फोन निम्म्यावर आले आहेत. भांडणं समोरासमोर होत असल्याने लवकर मिटतात. लिफ्टची वाट बघण्यापेक्षा जिना बरा, कारण तेवढाच वेळ खुर्चीपासून लांब जातो. याआधी कंपनीने व्यायामावर तीन व्याख्यानं ठेवली होती, ती सर्वांनी बसून ऐकली होती. दोन महिन्यांत पाठदुखीच्या रजा घटल्या होत्या, आणि अधिकाऱ्याने स्वतः पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं होतं. खुर्च्या बदलू नयेत. उलट दुसऱ्या शाखेसाठी आणखी चारशे पाठवाव्यात. ‘कृपया बाक दोन बोटं खालीच असावा.’

मणकेसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. “म्हणजे ही खुर्ची चांगली आहे?”

“वाईट आहे,” मालक म्हणाले. “पण नेमकी किती वाईट हवी, ते ठरवायला आता कुणीतरी हवं. तुम्हाला गोदाम देऊन चालणार नाही.”

अशा रीतीने मणकेसाहेब बैठक विभागाचे प्रमुख झाले आणि प्रकार एकतीसचं नाव ‘आरोग्यखुर्ची’ पडलं. ती खपू लागली. बाकीच्या साध्या खुर्च्यांसाठी मात्र दुखरी पाठ लागणारच होती, म्हणून जाहिरात दिली: ‘बिघडलेली पाठ असलेला उमेदवार हवा. अनुभवाची अट नाही.’ मालकांना चार-दोन अर्जांची अपेक्षा होती. एका दिवसात एकशे चाळीस आले, आणि त्यातले बहुतेक तिशीच्या आतले होते.

निवड एका बाईंची झाली. वय एकोणतीस, सात वर्षं संगणकावर हिशेब तपासत होत्या, पाठ मात्र साठीची. मुलाखतीला बसल्यावर अकराव्या मिनिटाला त्यांनी आपण बसलेल्या खुर्चीचं उजवं चाक ढिलं असल्याचं सांगितलं. फोरमनने चाक पाहिलं आणि टोपी काढली.

“नेमणूकपत्रात एक अट आहे,” मणकेसाहेबांनी त्यांना जरा संकोचाने सांगितलं. “नोकरीत असेपर्यंत व्यायाम करायचा नाही. तुम्हाला त्रास होणार असेल तर—”

“त्याची काळजी नको, सर,” बाई सही करत म्हणाल्या.

ती अट साहेबांना रात्रभर मनात टोचत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक कोरं वेळापत्रक आणून खणात ठेवलं. बाई रोज डबा बाहेरून मागवतात, एवढं त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. मालकांना यातलं काही सांगितलं नाही. निवृत्तीपर्यंत आणखी एक पाठ दुरुस्त झाली तर एकशे एकोणचाळीस अर्ज अजून फाइलीत होते.

साखर ताब्यात आहे. पेपर पुन्हा घरी येतो, तो बायको वाचते. साहेब आपला पुलावरून आणतात, त्यामुळे घरात कोडी दोन झाली आहेत आणि कोण आधी सोडवतं यावरून सकाळी कुरबूर होते. रविवारी दोघं मिळून जातात. म्हातारा दोघांना एकच पेपर देतो.

आरोग्यखुर्ची आतापर्यंत चौदा कार्यालयांनी घेतली. गेल्या महिन्यात कारखान्याने त्या खुर्चीत पाठीमागे बरोबर बसेल अशी एक मऊ उशी काढली. ती खुर्चीपेक्षा जास्त खपते.